हाराचा फोटो

पोर्ट्रेटला कुठली लेन्स चांगली, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याचा काही दोष नसतो. नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाला हा प्रश्न पडणारच, मलाही पडला होता, आणि पूर्वी मी चहा मागवून समोरच्याला नीट समजावून सांगायची. आता 'पंच्याऐंशी एमएमची घे आणि कामाला लाग' एवढंच म्हणते. फोटोवाली बाई फार तुसडी आहे, असं कर्जतच्या बाजारात माझ्याबद्दल बोलतात ते मला ठाऊक आहे. बोलू देत.

माझा स्टुडिओ कर्जतला, राहायला मी शेलूला. स्टुडिओत पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्स चालतं. खरं पोट भरतं ते खालापूरकडच्या फार्महाऊसवरच्या प्री-वेडिंगवर. मुंबईची जोडपी येतात, दुसऱ्याच्या तळ्याकाठी कपाळाला कपाळ लावून उभी राहतात, आणि मी लांबून घसा फोडून ओरडत असते, 'हसा, अजून हसा, दात दिसू देत!' लांबूनच, कारण हातात पंच्याऐंशीची लेन्स असते. रुंद लेन्स लावली तर चेहरा भरून घ्यायला माणसाच्या अंगावर जावं लागतं, आणि इतक्या जवळून नाक पुढे येतं, कान मागे पळतात, गाल फुगतो. पंच्याऐंशी तुम्हाला मागे सारते. मागे सरलं की चेहरा जागच्या जागी बसतो, नवरी खूश, नवरीची आई खूश. सगळी विद्या एवढीच.

दुसरं एक काम मी करते, त्याची पाटी लावलेली नाही. माणूस गेलं की दोन-चार दिवसांत घरातलं कुणीतरी मोबाईल घेऊन दुकानात येतं. दहाव्याला फोटो पाहिजे असतो, हार घालायला. आणि फोटो नसतो! अख्खा जन्म जगलेल्या माणसाचा एकट्याचा एक धड फोटो घरात नसतो. मग आधार कार्डावरचा तो पोलीस ठाण्यातल्यासारखा चेहरा मोठा करायचा, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोच्या कडेला उभी असलेली म्हातारी कापून घ्यायची, मागचा मंडप पुसायचा, निळं आभाळ टाकायचं. कडेचा माणूस रुंद लेन्समध्ये ताणला जातो, त्यामुळे तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवरचे म्हातारे-म्हाताऱ्या आहेत त्यापेक्षा जाड दिसतात.

फोटो का नसतो, तर कुणी काढत नाही म्हणून. आमच्याकडे वय झालेल्या माणसाचा एकट्याचा, समोरून, छातीपर्यंतचा फोटो काढायचा नसतो. त्याला हाराचा फोटो म्हणतात. आजारी माणसाला तसं बसवलंत तर संपलंच, तुम्ही त्याची वेळ ठरवून मोकळे झालात असा त्याचा अर्थ. नातवंडांना मांडीवर घेऊन काढा, तुळशीजवळ दोघांना उभं करून काढा, चालतं. एकट्याचा नाही. आणि मग माणूस गेल्यावर माझ्या दुकानाची पायरी चढतात आणि म्हणतात, बाई, यातली आमची आई जरा हसरी करता येईल का?

माझ्या वडिलांचा फोटो असाच दादाच्या लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला आहे. मी तेव्हा या धंद्यात नव्हते, दुसऱ्या कुणीतरी केला. डावा गाल ताणलेला, मान नाहीशी झालेली. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आमचं गाव आहे, तिथल्या घराच्या माजघरात तो लावलाय. आई रोज सकाळी देवाची पूजा झाली की जास्वंदीचं एक फूल त्याच्या चौकटीत खोचते आणि रोज न चुकता म्हणते, "ह्यो कोन हाय द्येवाला ठावं. तुजा बा नाय ह्यो."

म्हणजे म्हणायची.

आईच्या गालात आतून फोड आला तो मशेरीने. लग्नाआधीपासून ती मशेरी लावायची, तव्यावर तंबाखू जाळून केलेली, डबीतली. सकाळी दात घासताना एकदा, भाताची कामं चालू असली की बांधावर दोनदा, आणि मन लागेनासं झालं की कितीदाही. मी ओरडायची, दादा ओरडायचा, ती डबी कमरेला खोचून म्हणायची, "दुसरा कोनता शोक हाय मला?" खरंच नव्हता. फोड महिनोन्महिने लपवला. गाल सुजून डोळ्यापर्यंत आला तेव्हा कळलं.

मुंबईच्या डॉक्टरांनी फार गोड बोलून सांगितलं. बोट स्वतःच्या कानाखाली टेकवलं आणि जबड्यावरून हनुवटीपर्यंत ओढत आणलं. "एवढा भाग काढावा लागेल. ओठाचा थोडा कोपरा जाईल. पायाचं मांस लावून भरून काढू, पण चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही, हे आधीच सांगतो." दादाने विचारलं, जगंल ना? डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करू. मी त्यांच्या त्या बोटाकडे बघत होते. बोटाखाली काय काय जाणार ते मोजत होते, आणि एकदम मनात आलं, माझ्याकडे आईच्या तोंडाचा फोटो नाही.

तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. मी शेलूला आले, संगणक लावला, सगळ्या हार्ड डिस्क उपसल्या. आईचे फोटो होते, नव्हते असं नाही. फोटोवालीची आई ती! हळदीतली आई, बारशातली आई, माझ्या दुकानाच्या पूजेतली आई. आणि एकूण एक फोटोत पदर तोंडावर. नाहीतर हात. मशेरीने दात काळे झालेले, त्याची तिला तरुणपणापासून लाज. कॅमेरा दिसो न दिसो, हसू आलं की हात वर जायचाच, डोळ्यात कचरा गेला की पापणी मिटते तितक्या सवयीने. डोळे हसतायत, खाली पदर. पुढचा फोटो, खाली पदर. मी एकेक मोठा करून बघत होते आणि मला रडू फुटत होतं. दुसऱ्यांच्या आया हसऱ्या करून देणारी मी, माझ्या आईचं हसू कुठून कापून आणणार होते?

तर लेन्सचा प्रश्न मला खरा पडला तो तेव्हा. आठ दिवसही हातात नव्हते, आणि एक फोटो पाहिजे होता. तोंड दिसणारा, हसणारा, तीच वाटेल असा. पुढे तो चेहराच असणार नव्हता. चुकला तर पुन्हा काढू, हे वाक्य त्या आठवड्यात माझ्या धंद्यातून बाद झालं होतं.

मी पंच्याऐंशीची लेन्स घेऊन गावी गेले. आईला सांगितलं, नवी लेन्स घेतलीय, जरा तपासून बघायची आहे.

"मंग म्हशीवर तपास. ती हालत बी नाय."

"आई, बस ना गं जरा."

"माज्या गालाची सूज तपासतेस काय?"

पण बसली. माजघरात अंधार, आणि पंच्याऐंशीला मागे सरायला जागा लागते. मी सरत सरत भाताच्या कणगीला पाठ लावली तरी आईचं कपाळ चौकटीबाहेर. तिला उठवून घरापुढच्या खळ्यात नेलं, पायरीवर बसवलं, मी पार कुंपणाला जाऊन उभी राहिले. उजेड सुरेख होता. चेहरा जागच्या जागी होता. सूज असलेला गाल मी सावलीत घातला होता, शिकल्याप्रमाणे सगळं केलं होतं. आणि भिंगातून बघते तर समोर कुणी नाही! म्हणजे बाई बसलेली होती, पण आई नव्हती. तिला मोतीबिंदू. एवढ्या लांबून मी तिला नुसता एक ठिपका दिसत होते. ठिपक्याकडे बघून कोण कशाला हसेल? तिने तहसील कचेरीतल्यासारखा चेहरा केला होता आणि तोंडावर पदर तो होताच.

"पदर काढ गं खाली!" मी कुंपणाजवळून ओरडले.

"काय?"

"पदर, पदर!"

"पदर कशाला काडू, येडी झालीस काय?" म्हणून ती उठून आत गेली.

मग मी खोपोली गाठली. तिथला एक स्टुडिओवाला माझ्या ओळखीचा, त्याच्याकडे लांब पल्ल्याची लेन्स आहे, दोनशेपर्यंतची. त्याला खरं कारण सांगितलं. त्याने पिशवी हातात दिली आणि म्हणाला, "ताई, चोरून काढा. लग्नात आम्ही रडणाऱ्या आईचे असेच काढतो. तिला कळता कामा नये." मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं, मी स्वतः नव्या पोरांना हेच सांगत आले होते.

वालाच्या शेंगांचे दिवस होते. दुपारी आळीतल्या बाया आमच्या ओटीवर शेंगा सोलायला जमायच्या, आणि आजार कितीही असो, आई त्यांच्यात बसायचीच. मी पलीकडच्या बांधावर, शेवग्याच्या आडोशाला जाऊन बसले. ती लांबट, जड लेन्स गुडघ्यावर टेकवली आणि श्वास धरून वाट बघत राहिले. आईचा चेहरा जवळ आला. इतका जवळ की गालावरचा तीळ दिसला. ती काहीतरी सांगत होती, हात हलत होते, पदर खांद्यावर होता. आता हसेल. कुणीतरी चावटपणा केला असावा, बायांच्या माना हलायला लागल्या, आईच्या ओठांचा कोपरा, तोच कोपरा, वर उचलला गेला.

"अगं बाय, तुजी पोर थितं बंदूक रोकून बसलीय बग!" शेजारची म्हातारी ओरडली.

झालं. सगळ्या बाया खदाखदा हसल्या, आईसुद्धा हसली आणि तिचा हात वर गेला. मी बटण दाबून धरलं होतं. पुढचे सगळे फोटो हाताचे आहेत. फार छान आलेत, हातावरची शीर न् शीर दिसते.

मी खाली आले तर रजेवर असलेला दादा खळ्यात उभा. त्याला बायांनी सांगितलं होतं. दादा मुळात शांत माणूस, नोकरीसाठी पहाटे जाणारा, संध्याकाळी येऊन भाताला पाणी सोडणारा. पण त्या दिवशी त्याचे डोळे लाल होते.

"कसला फोटो काडतेस आईचा?"

"साधाच."

"साधा? मला शिकवतेस काय? एकटीचा, समोरनं, पदर काडून. हाराचा फोटो काडतेस! अजून जिती हाय ती, बाय! आपरेशन व्हायचं हाय, आन् तू भिंत मोजाया लागलीस?"

माझी जीभ मला कधीच ताब्यात ठेवता आलेली नाही. मी म्हटलं, "हो, काढतेय! आणि तू बापाचा काढला होतास का? तुझ्या लग्नातला कापून लावलाय ना? ती रोज फूल वाहते आणि रोज म्हणते हा कोण आहे! तेच करायचंय का आईचं? तो जबडा सोमवारी बादलीत जाणार आहे, दादा! मग काय लावशील, आधार कार्ड?"

बोलले आणि दिसलं, आई दारात उभी आहे. शेंगांची टोपली कमरेवर होती.

तिने टोपली खाली ठेवली, आत गेली. डॉक्टरांनी बोट फिरवून दाखवलं तेव्हा ती बाहेर बाकड्यावर बसली होती. गाठ काढायची आहे, एवढंच आम्ही तिला सांगितलं होतं. बादलीतला जबडा तिला माझ्या तोंडून कळला. त्यानंतर ती जेवली नाही, आणि मी ओटीच्या टोकाला बसून स्वतःचंच थोबाड फोडून घ्यावं का, एवढाच विचार करत राहिले.

हॉस्पिटलला निघायच्या आदल्या दिवशी सकाळी मी सामान भरत होते. फोटोचं नाव काढायचं नाही असं ठरवलं होतं. खोपोलीची लेन्स परत केली होती, पंच्याऐंशी पिशवीत खाली दाबून ठेवली होती. आई बाहेर आली. अंगावर निळं लुगडं, सणाला नेसते ते. केस ओले करून चापून बसवलेले. माझ्यासमोर, ओटीच्या कडेवर, जिथे सकाळचा उजेड येतो तिथे येऊन बसली.

"काड."

"काय?"

"काय म्हनून काय इचारतेस? त्यो हाराचा. काड आता."

"आई, मी तसं..."

"आगं गप. तुजं बोलनं लय ऐकलं. तुज्या बाच्या फोटोकडं बगून बगून मी त्याचं तोंड इसरले. खरं सांगते. आता आठवाया गेलं तर त्यो भिताडावरचाच येतो म्होरं. माजं तसं नको करू." मग म्हणाली, "पन लांबनं नाय काडायचा. लांबनं मला तू दिसत नायस. तुजं तोंड दिसलं पायजे मला. हितं ये." आणि तिने हात लांब करून ओटीवर थाप मारली. हाताच्या अंतरावर.

हाताच्या अंतरावर पंच्याऐंशी चालतच नाही. तेवढ्या जवळचं त्या लेन्सला धड दिसत नाही, सगळं धूसर येतं. माझ्या पिशवीत दुसरी होती ती जुनी पन्नासची, मी पहिल्यांदा घेतलेली, प्लॅस्टिकची, खुळखुळ वाजणारी. पन्नास घेऊन एवढ्या जवळ गेलं तर नाक मोठं येणार, सूज दुप्पट दिसणार. तालुक्यातल्या पोरांना मी जे जे करू नका म्हणून सांगते ते सगळं एका फोटोत येणार. एकीकडे बरोबर चेहरा आणि त्यात आई नाही. दुसरीकडे आई, पण चेहरा वाकडा. मी काय निवडणार? मी पन्नासची लावली.

तिच्या समोर मांडी घालून बसले. आमचे गुडघे एकमेकांना लागत होते. तिने पदर खांद्यावरून मागे टाकला, नीट खोचला, आणि तोंड उघडून मला दात दाखवले.

"बग. काळेकुट्ट हायत."

"असू देत."

"तुजा बा म्हनायचा, अमुशा हसली."

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि मला काही दिसेना. भिंग धूसर झालं म्हणून पुसलं, तरी दिसेना. मग कळलं, मी रडतेय. नाक वाहत होतं आणि तोंडातून हुंदक्यासारखा काहीतरी घाणेरडा आवाज येत होता. एवढी बाईमाणूस झालेली मी, दहा लोकांसमोर नवरदेवाला झापणारी.

आई बघत राहिली. मग तिने पदराचं टोक घेतलं, पुढे वाकली आणि माझं नाक दाबून पुसलं, लहानपणी शाळेत जाताना पुसायची तसं, जोर लावून.

"शेंबडी कुटली! आदी शेंबूड पूस, मंग फोटू काड. तुला पैसं द्येतंच कोन?"

मला हसू फुटलं. रडता रडताच. आणि मला तसं हसताना बघून ती हसली. मान मागे टाकून, अख्खं तोंड उघडून. सूज होती, दुखत असणार, तरी हसली. सवयीने तिचा हात वर आला. मी डाव्या हाताने तो मनगटाशी पकडला आणि उजव्या हाताने बटण दाबलं. एकदाच. दुसऱ्यांदा दाबायच्या आत तिला कळ आली आणि तिने गाल धरला.

दुपारी शेलूला येऊन तो फोटो संगणकावर उघडला. डोळे असे आलेत की काय सांगू! पापणीचा केस न् केस, मोतीबिंदूचा तो दुधी ठिपका, आणि बुबुळात मी, कॅमेऱ्यामागे फेंदारलेली. मग नजर खाली गेली.

तोंड धूसर होतं.

जोडप्यांचे फोटो काढताना मी लेन्स पूर्ण उघडी ठेवते. मागचं सगळं विरघळतं, बोटभर जाडीचा एक पट्टा तेवढा स्पष्ट येतो, आणि तो मी डोळ्यांवर ठेवते. हातच तसा वळलाय. आई मान मागे टाकून हसली, हनुवटी पुढे आली, पट्ट्याबाहेर गेली. लेन्सवरून मी आठवडाभर डोकं फोडलं, आणि लेन्स किती उघडी ठेवायची हे बघायचंच राहिलं. हसतेय हे कळतं. दात काळे आहेत हे कळतं. पण ओठांचा तो कोपरा, ज्यासाठी हा सगळा जीव काढला होता, तो दुधातून बघावा तसा. मी टेबलावर डोकं आपटलं. परत गावी जायला वेळ होता का? होता. पण दादाचा फोन आला, आईला फार दुखतंय, आत्ताच निघतोय, तू कल्याणला ये, तिथून मिळून मुंबईला जाऊ.

ऑपरेशन झालं. आई जगली. ते आधी सांगायला हवं होतं, मला कळतंय. तोंडाने खाता येईना म्हणून नळी, मग पातळ पेज, मग मऊ भात. गालाला पायाचं मांस, त्याचा रंग वेगळा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि लाळ गळायची म्हणून पदर कायम तिथे. बोलणं कळायला आम्हाला बराच काळ लागला, बाहेरच्यांना अजून कळत नाही. बाया शेंगा सोलायला येईनाशा झाल्या. येतील कशा, तिनेच दार लावून घेतलं होतं.

फोटो मी कुणाला दाखवला नव्हता. भाताची कापणी झाली, पुन्हा वालाला फुलं आली, आणि एक दिवस आईने खुणेने विचारलं. दोन हातांची चौकट करून तोंडासमोर धरली. मी म्हटलं, बरा नाही आला. तिने पुन्हा चौकट केली. दादा म्हणाला, दे बाय, आनून दे. त्याचा आवाज खाली गेला होता.

मी मोठा करून, चौकटीत बसवून नेला. तिने तो डोळ्यांच्या अगदी जवळ धरला, तिला दिसतो तेवढा जवळ. खूप वेळ बघितला. धूसर तोंडावरून अंगठा फिरवला. मग उठली, वडिलांच्या फोटोशेजारच्या भिंतीवर हात टेकवला आणि दादाकडे बघितलं. खिळा ठोक.

दादा हलला नाही. तेव्हा तिने स्वतः फळीवरचा हातोडा घेतला. शेवटी ठोकला दादानेच, रडत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावातच होते. आईने देवाची पूजा केली, जास्वंदीचं एक फूल वडिलांच्या चौकटीत खोचलं. आणि दुसरं फूल स्वतःच्या.

"आई!" मी किंचाळले. "काय करतेस? काढ ते! तू जिवंत आहेस!"

तिने भिंतीवरच्या बाईकडे बोट केलं आणि तिच्या त्या ओल्या, तुटक आवाजात म्हणाली, "ती ग्येली."

"कुठे गेली? कुठे गेली? तूच आहेस ना ती? डोळे बघ की, तेच आहेत, मी रोज बघते, तेच डोळे आहेत..."

ती माझ्याकडे आली. मनगट धरून मला ओढलं, हाताच्या अंतरावर आणलं. मी तिच्या डोळ्यांत बघत होते. ऑपरेशननंतर मी तिच्या डोळ्यांतच बघत आले होते. पेज भरवताना, औषध देताना, बोलताना, नजर कधी खाली जाऊ दिली नव्हती. तिला ते कळलं होतं. आईच ती, कळणारच.

तिने तोंडावरचा पदर काढला आणि खांद्यावर टाकला. मग माझी हनुवटी धरली आणि माझा चेहरा खाली वळवला.

"हितं बग," ती म्हणाली.

मी बघितलं.